मदत हवी आहे: ओव्हरक्लॉक केलेला पीसी रेंडर पूर्ण होण्याआधीच बंद पडतो

तापीकाठ (भुसावळ)
नमस्कार. रेंडर (संपादित व्हिडिओची अंतिम फाइल तयार करणे) सुरू केल्यावर पंधरा-वीस मिनिटांत माझा पीसी आपोआप रिस्टार्ट होतो, तर कधी निळा स्क्रीन येतो. प्रोसेसर रायझन ५ ३६०० असून ओव्हरक्लॉक करून, म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने, सर्व कोअर ४.३ गिगाहर्ट्झवर आणि रॅम ३६०० च्या वेगावर चालवत आहे. हीच सेटिंग जानेवारीपासून आहे आणि तेव्हा चार-चार तासांची रेंडरे विनाअडथळा पूर्ण झाली होती, त्यामुळे सेटिंगमध्ये चूक असावी असे मला वाटत नाही. कूलर पूर्ण वेगाने चालू असतो. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झालेल्या एका लग्नाचा व्हिडिओ शनिवारी द्यायचा आहे आणि मुलीचे वडील रोज फोन करत आहेत. कृपया नेमके काय बदलायचे तेवढेच सांगावे.

चाळीसगावकर
नेमके सांगण्यासाठी थोडी माहिती लागेल. कूलर म्हणजे प्रोसेसरवरचा की खिडकीतला? आपल्या भागात मे महिन्यात कोणी ‘कूलर चालू आहे’ म्हटले की खिडकीतला पाण्याचा कूलरच डोळ्यांसमोर येतो. मदरबोर्ड कोणता, कोअर व्होल्टेज किती ठेवले आहे, रेंडर चालू असताना तापमान किती दिसते आणि खोलीत किती अंश असतात, हेही लिहावे.

शिरपूरवाला
माझ्याकडे अगदी हाच त्रास होता आणि एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) बदलल्यावर तो एका दिवसात थांबला. उन्हाळ्यात दुपारी आपल्याकडे व्होल्टेज खाली-वर होत असते, त्यात जुना एसएमपीएस टिकत नाही. आधी तोच बदलावा.

तापीकाठ
प्रोसेसरवरचा, १२० मिलिमीटरचा एक पंखा असलेला टॉवर कूलर. घरातला पाण्याचा कूलर आजीच्या खोलीत असतो. माझी खोली वरच्या मजल्यावर थेट स्लॅबखाली आहे, दुपारी तिथे ४० अंश सहज होतात. बोर्ड बी४५० चा आहे, व्होल्टेज १.३५ निश्चित केले आहे. रेंडरमध्ये प्रोसेसर ९४ अंशांपर्यंत जातो, जानेवारीत ८० च्या आसपास असायचा. एसएमपीएस दीड वर्षाचा असून ५५० वॅटचा आहे.

काळीमाती (धुळे)
उत्तर आपल्याच आकड्यांत आहे. हवेवर चालणारा कोणताही कूलर प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त हवेच्या वर किती अंश चढायचे ते ठरवतो. जानेवारीत खोलीत २६-२७ अंश असतील तर ८० म्हणजे सुमारे ५४ अंशांची चढण झाली. आज ४० वर तेवढीच चढण धरली की ९४ येतात. सेटिंग बदललेली नाही, पण ती ज्या हवेत तपासली होती ती हवा बदलली आहे.

दुसरी बाजू व्होल्टेजची. प्रोसेसरची उष्णता वारंवारितेच्या प्रमाणात वाढते, परंतु व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४.० गिगाहर्ट्झ आणि १.२० व्होल्टवरून ४.३ आणि १.३५ वर गेले, तर उष्णता सुमारे ३६ टक्क्यांनी वाढते आणि काम मात्र जास्तीत जास्त साडेसात टक्क्यांनी जलद होते. या प्रोसेसरसाठी कंपनीने दिलेली कमाल मर्यादा ९५ अंश आहे. आपण तिच्या एक अंश खाली उभे राहून चार तासांचे रेंडर मागत आहात.

शिंदखेडा_गेमर
टॉवर कूलर काढून २४० मिलिमीटरचे लिक्विड कूलिंग बसवावे. मी दोन उन्हाळे वापरले आहे, ४.३ वर काहीही होत नाही.

काळीमाती (धुळे)
लिक्विड कूलिंगही शेवटी उष्णता त्याच ४० अंशांच्या हवेत सोडते. चढण काही अंशांनी कमी होईल हे मान्य, पण शनिवारी काम द्यायचे असलेल्या माणसाला आज नवा खर्च सुचवणे मला योग्य वाटत नाही. एसएमपीएसबद्दलही हेच म्हणेन, कारण फुकटात होणाऱ्या तपासण्या अजून झालेल्या नाहीत.

शिरपूरवाला
मी अनुभवावरून सांगितले आहे. आकडेमोडीने पीसी चालत नाही.

चाळीसगावकर
वाद नंतर करू. तापीकाठ, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) रिस्टार्टच्या वेळी काय नोंदले आहे? आणि रिस्टार्टखेरीज दुसरे काही विचित्र घडते का? पूर्ण झालेल्या फायलींत दोष, झिप उघडताना त्रुटी, असे काही?

तापीकाठ
कर्नल-पॉवर ४१ प्रत्येक वेळी दिसते. दोनदा डब्ल्यूएचईए-लॉगर १८ सुद्धा आहे. आणि हो, मागच्या आठवड्यात एक लहान व्हिडिओ पूर्ण झाला, पण हळदीच्या प्रसंगात एका फ्रेमवर हिरवे चौकोन आले होते. मला वाटले कॅमेऱ्याचे कार्ड खराब आहे. एक झिप फाइल पहिल्यांदा उघडली नाही, दुसऱ्यांदा उघडली.

चाळीसगावकर
४१ चा अर्थ एवढाच की पीसी नीट शटडाउन न होता बंद पडला, त्यातून कारण कळत नाही. १८ गंभीर आहे, कारण ती हार्डवेअरने स्वतः कळवलेली चूक असते. पण मला सर्वांत जास्त काळजी त्या झिप फाइलची वाटते. तीच फाइल एकदा उघडत नाही आणि एकदा उघडते, तेव्हा डिस्कपेक्षा रॅमवर संशय घ्यावा. रॅमच्या किती स्टिक आहेत आणि जानेवारीपासून त्यांत काही बदल केला आहे का?

तापीकाठ
चार. मार्चमध्ये ८-८ जीबीच्या आणखी दोन घेतल्या, कारण फोर-केच्या टाइमलाइनला १६ जीबी पुरत नव्हते. त्याही ३६०० च्याच आहेत, फक्त कंपनी वेगळी. सीपीयू-झेड या प्रोग्राममध्ये १८०० दिसते, तो निम्मा आकडा दाखवतो, म्हणजे ३६०० बरोबर लागले आहे. त्या बसवताना एक स्टिक पंख्याला अडत होती, म्हणून पंखा थोडा वर सरकवून क्लिपा लावल्या.

काळीमाती (धुळे)
ही माहिती पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवी होती. ‘हीच सेटिंग जानेवारीपासून’ हे बायोसच्या (मदरबोर्डच्या सेटिंगच्या) पानापुरते खरे आहे, पण पीसी तोच राहिलेला नाही. या प्रोसेसरला कंपनी दोन स्टिकवर ३२०० पर्यंतची हमी देते. चार स्टिक झाल्या की ती सिंगल रँक (चिपांचा एक गट असलेल्या) स्टिकसाठी २९३३ आणि ड्युअल रँक (दोन गट असलेल्या) स्टिकसाठी २६६७ वर येते. त्यापलीकडचे सगळे नशिबावर आणि बोर्डावर अवलंबून असते. त्यातून दोन वेगळ्या संचांच्या स्टिक एकत्र आहेत. रॅम तापली की तिच्या पेशींतला विद्युतभारही लवकर गळतो, म्हणजे मार्चमध्ये काठावर चालणारी रॅम मेमध्ये चुका करू लागते.

पंखा नेमका किती वर सरकवला आहे? हीटसिंकच्या पात्यांचा खालचा भाग उघडा पडला असेल तर तिथून हवा जात नाही, आणि जी हवा जाते तीही वरून निसटते.

तापीकाठ
आता कॅबिनेट उघडून पाहिले. पट्टीने मोजले तर पंखा पात्यांच्या वर २२ मिलिमीटर निघालेला आहे. खालच्या पात्यांत धूळ अशी बसली आहे की मागचा उजेड दिसत नाही.

शिंदखेडा_गेमर
रॅमचे व्होल्टेज १.३५ वरून १.४० करा आणि एसओसीचे (प्रोसेसरमधल्या रॅम सांभाळणाऱ्या भागाचे) १.१० ठेवा, चारही स्टिक ३६०० वर चालतील. माझ्या चालतात.

चाळीसगावकर
चालतीलही, पण ते सिद्ध करायला किमान एक रात्र मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) चालवावा लागेल, आणि त्यांच्याकडे शनिवारपर्यंतच वेळ आहे. रॅमची चूक रिस्टार्ट होऊन दिसली तर ते भाग्यच म्हणायचे, कारण एरवी ती कोणालाही न कळता फाइलमध्ये लिहिली जाते. लग्न पुन्हा चित्रित करता येत नाही. माझे मत असे आहे की नव्या दोन स्टिक काढाव्यात, जुन्या दोन प्रोसेसरकडून मोजल्यास दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये ठेवाव्यात, रॅम ३२०० वर आणावी, प्रोसेसरचे ओव्हरक्लॉक पूर्ण काढावे, पंखा खाली आणावा आणि पाती ब्रशने साफ करावीत. त्यानंतर यूएसबीवरून मेमटेस्ट चालवावा आणि तो एकाही चुकीशिवाय संपल्याशिवाय कामाची फाइल उघडू नये.

पारोळा_एडिटर
विचारलेले नाही तरी सांगतो, एन्कोडिंग ग्राफिक्स कार्डाकडे दिले तर प्रोसेसरवरचा भार बराच उतरतो. मी दोन वर्षांपासून तसेच करतो.

चाळीसगावकर
सूचना चांगली आहे, पण रॅम चुकत असेल तर ग्राफिक्स कार्डालाही चुकीचीच फ्रेम मिळेल.

तापीकाठ
काल रात्रीचा वृत्तांत देतो. आधी मुद्दाम चारही स्टिक ३६०० वर ठेवून, प्रोसेसर मूळ सेटिंगवर आणून मेमटेस्ट लावला. पंचवीस मिनिटांत ४१ चुका आल्या. लाल ओळी वाढताना पाहून हळदीची ती फ्रेम आठवली आणि फार वाईट वाटले. मग चाळीसगावकरांनी सांगितले तसे सर्व केले. दोन स्टिकवर, ३२०० वर चार तासांत एकही चूक नाही. पहाटे पाचला, खोलीत ३१ अंश असताना रेंडर सुरू केले. प्रोसेसर ७२ अंशांच्या वर गेला नाही. १६ जीबीमुळे प्रीव्ह्यू अडखळत होता, परंतु रेंडर ३ तास ५२ मिनिटांत पूर्ण झाले. एवढ्याच लांबीच्या व्हिडिओला जानेवारीत ओव्हरक्लॉकवर ३ तास ४० मिनिटे लागली होती.

काळीमाती (धुळे)
बारा मिनिटांसाठी एवढी उष्णता. हिवाळ्यात पुन्हा ४.३ लावायचे असेल तर जरूर लावावे, पण १.३५ निश्चित न ठेवता पायरीपायरीने खाली येऊन सर्वांत कमी स्थिर व्होल्टेज शोधावे. नव्या स्टिक वाया गेल्या असे समजू नका, चारही स्टिक २९३३ वर ठेवून शनिवारनंतर एक रात्र तपासाव्यात.

शिरपूरवाला
एसएमपीएस निर्दोष निघाला हे मी मान्य करतो. तरीही दुपारच्या व्होल्टेजसाठी यूपीएस असावाच.

तापीकाठ
सर्वांचे मनापासून आभार. मार्चनंतर या पीसीवर उतरवलेले चित्रण सहा लग्नांचे आहे आणि त्यांपैकी चारांची मूळ कार्डे मी अजून पुसलेली नाहीत. शनिवारी हा व्हिडिओ दिला की ती चारही कार्डे पुन्हा कॉपी करून जुन्या फायलींशी पडताळून पाहणार आहे. उरलेल्या दोन लग्नांचे चित्रण फ्रेम-फ्रेम बघावे लागेल, त्यासाठी काही सोपा मार्ग असेल तर कृपया सांगावा.

चाळीसगावकर
त्या दोन लग्नांच्या फायली आधी बाहेरच्या डिस्कवर जशाच्या तशा हलवा आणि त्यांवर काहीही पुन्हा लिहू नका. बघायचे कसे ते उद्या सविस्तर लिहितो.