मदत हवी आहे: ग्रीन कार्डवरच्या आईने सिॲटलचं डेमोक्रसी व्हाउचर दिलं, तर नागरिकत्वाच्या अर्जाला अडचण येईल का?

नमस्कार मंडळी,

सिॲटल शहराच्या हद्दीत राहणाऱ्या आणि स्वतः डेमोक्रसी व्हाउचर (निवडणुकीतल्या उमेदवाराला देणगी म्हणून द्यायचं शहराचं कुपन) दिलेल्या कुणाचं तरी उत्तर हवंय. आमच्या ओळखीची बहुतेक मराठी घरं बेलव्ह्यू-रेडमंडला आहेत, आणि ही योजना फक्त सिॲटल शहरापुरती, त्यामुळे तिथे विचारून काही हाती लागलं नाही.

आई ६९ वर्षांची आहे, चार वर्षं ग्रीन कार्डवर आमच्याकडे राहते. पुढच्या वर्षी नागरिकत्वाचा अर्ज भरायचाय. मतदारांना व्हाउचर आपोआप घरी येतात, तिच्यासाठी मात्र मी वेगळा अर्ज भरला. २५ डॉलरची चार आली. नगर परिषद, महापौर किंवा शहर वकील या पदांसाठी योजनेत सामील झालेल्या उमेदवाराला ती द्यायची, आणि उमेदवार पात्र ठरला की शहर त्याला तेवढे पैसे देतं. मालमत्ता करातून हा निधी उभा राहतो. २०१५ मध्ये लोकांनीच मतदान करून हे आणलं, २०१७ पासून व्हाउचर वापरात आली. आपल्याकडून रोख एक पैसा जात नाही.

आईला हे फार पटलं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, निवडणुकीच्या ड्यूट्या करण्यात तिची उमर गेली. गावातल्या एकाने पंचायत समितीला उभं राहण्यासाठी शेत गहाण टाकलं आणि पडला, ते तिने डोळ्यांनी पाहिलंय. "ज्याच्याकडे शेत नाही त्याने उभंच राहू नये का?" असं ती तेव्हापासून म्हणते.

शनिवारी एका उमेदवाराची कार्यकर्ती दारात आली. भाड्याच्या घरांबद्दल आईशी अर्धा तास बोलली, मी मध्ये बसून दोन्हीकडचं सांगत होते. आईने टेबलावर व्हाउचर ठेवून उमेदवाराचं नाव एकेक अक्षर बघत लिहिलं, तारीख घातली, आणि सहीपाशी पेन थांबलं. "अगं, हे मत दिल्यासारखं तर होत नाही ना? यादीत नाव नाही म्हणून मी ओळखीच्या माणसांनाही परत पाठवलंय. आता मीच नियम मोडायचा?" कार्यकर्तीने अजिबात घाई केली नाही, नंतर पाठवा म्हणाली. व्हाउचर अजून फ्रीजवर मॅग्नेटखाली आहे.

माझे प्रश्न:

नागरिकत्वाच्या अर्जात "कधी मतदार म्हणून नाव नोंदवलंय का, मत दिलंय का" असं विचारतात. व्हाउचर दिलं असलं तरी तिथे "नाही" लिहिणं खरंच बरोबर आहे ना? व्हाउचर कुणी कुणाला दिलं हे शहर जाहीर करतं, त्यामुळे तिचं नाव दिसणार. ते मुलाखतीत निघालं तर काय सांगायचं? आणि आईची सही मराठीत आहे, चालेल ना?

कृपया अंदाजाने उत्तर देऊ नका. तिची चार वर्षं यात आहेत.

प्रतिसाद

ताई, आमच्या बाबांनी ग्रीन कार्डवर असताना दोनदा व्हाउचर दिली आणि नंतर ते नागरिक झाले. व्हाउचर म्हणजे मत नाही, देणगी आहे. ग्रीन कार्डधारकाला देणगी द्यायला केंद्राच्या कायद्याचीही मुभा आहे, म्हणूनच सिॲटलने त्यांना यात घेतलं. मत दिलेलं नाही, नाव नोंदवलेलं नाही, तर "नाही" हेच खरं उत्तर. सही व्हाउचरच्या अर्जावर केली तशीच करू दे.

खरी भीती दुसरीकडे आहे. लायसन्स किंवा ओळखपत्र काढताना काउंटरवर मतदार नोंदणीबद्दल विचारतात, तिथे सवयीने "हो" म्हणू देऊ नका. भरलेल्या व्हाउचरचा फोटो आणि त्याच्या अर्जाची प्रत फाइलीत ठेवा, आणि नागरिकत्वाचा अर्ज ज्या वकिलाकडून करणार त्याला आधीच दाखवा. उमेदवाराचं नाव न लिहिता सही केलेलं व्हाउचर कुणाच्याही हातात देऊ नका. एकदा दिलं की परत घेता येत नाही.

धागाकर्ती

मनापासून आभार. आईला मोठ्याने वाचून दाखवलं. लायसन्सचं ऐकून ती दचकली, कारण राज्याचं ओळखपत्र काढायला आम्ही पुढच्याच आठवड्यात जाणार होतो. सोमवारी वकिलांना फोन करते, त्यांनी हो म्हटलं की ती सही करेल. बाकीची तीन कुणाला द्यायची यासाठी तिला उमेदवारांची वादचर्चा ऐकायचीय. ती मराठीतून समजावून सांगायला कुणी आमच्यासोबत बसणार असेल तर इथेच लिहा.