राहायला बरं कुठे: मंगळ, शुक्राचे ढग की टायटन?

ढगवाला
पृथ्वीबाहेर वस्ती म्हटलं की सगळे मंगळाकडे धावतात, कारण तिथे पाय ठेवायला जमीन आहे. माझं मत: मंगळापेक्षा शुक्र बरा. पृष्ठभागाचं नाव काढू नका, तिथे 460 अंश आणि पृथ्वीच्या 92 पट दाब. मी 55 किमी उंचीबद्दल बोलतोय. तिथे तापमान साधारण 27 अंश, दाब पृथ्वीच्या निम्म्याहून किंचित जास्त, गुरुत्व 90 टक्के. तिथे फुग्यासारखा तरंगता गोल बांधून आत 40 टक्के ऑक्सिजन आणि बाकी नायट्रोजन भरला की फुप्फुसांना इथल्याइतकाच ऑक्सिजन मिळतो. बाहेर जड कार्बन डायऑक्साइड असल्यामुळे हीच श्वासाची हवा घनमीटरमागे जवळपास 300 ग्रॅम वजन उचलते. म्हणजे 100 टनांची वस्ती तरंगवायला 86 मीटर व्यासाचा गोल पुरतो.

किरणोत्साराचं म्हणाल, तर डोक्यावर दर चौरस मीटरला 6 टन हवा असते. मंगळावर ती जेमतेम 170 किलो. आणि हे नुसतं कागदावरचं नाही: 1985 मध्ये सोव्हिएत वेगा मोहिमांचे दोन फुगे साधारण याच उंचीवर जवळजवळ दोन दिवस तरंगले.

तांबडी माती
आकडे मान्य, निष्कर्ष अमान्य. वेगाचे फुगे साडेतीन मीटरचे होते आणि त्यांना लागलेले उभे झोत सेकंदाला 1 ते 3 मीटर वेगाचे. अशा झोताने वस्ती पाच किमी खाली गेली की बाहेर 75 अंश. बाहेरच्या बाजूला गंधकाम्लाचे थेंब, म्हणजे प्रत्येक शिवण, झडप आणि काच टेफ्लॉनसारख्या थराखाली हवी.

पण खरी गोम परतीत आहे. शुक्राच्या कक्षेत चढायला सेकंदाला 7 किमीहून जास्त वेग लागतो, मंगळावर साडेतीनच्या आसपास. परतीचं रॉकेट 60 टनांचं धरलं, तर नुसतं ते टांगायला गोलात 2 लाख घनमीटर जास्तीची हवा लागेल. आणि ते सुटलं की तेवढा भार एका क्षणात कमी होऊन वस्ती वर उसळणार.

मंगळावर कच्चा माल पायाखाली आहे. फीनिक्स यानाने 2008 मध्ये काही सेंटिमीटर खरवडलं आणि बर्फ लागला. पर्सिव्हिअरन्स या मंगळावरच्या गाडीतल्या मॉक्सी यंत्राने तिथल्याच हवेतून 16 फेऱ्यांत 122 ग्रॅम ऑक्सिजन काढला, सर्वोत्तम दर तासाला 12 ग्रॅम. माणसाला तासाला सुमारे 35 ग्रॅम लागतो, म्हणजे माणशी अशी तीन यंत्रं, तीही पूर्ण वेगाने अखंड चालणारी. अवघड आहे, पण रस्ता दिसतो.

ढगवाला
रस्ता दिसतो, छत दिसत नाही! आत पृथ्वीइतका दाब ठेवलात तर छताच्या दर चौरस मीटरवर आतून 10 टनांचा रेटा. बाहेर दाब पृथ्वीच्या एक टक्काही नाही. किरणांसाठी अडीच मीटर माती टाकली, तर तिथल्या कमी गुरुत्वात तिचं वजन त्यातला सुमारे 14 टक्केच रेटा झेलतं. उरलेला सगळा भिंतीतल्या ताणावर. छप्पर पडायची भीती नाही, उडायची आहे. दाब कमी करून शुद्ध ऑक्सिजन ठेवाल तर आगीचं भय वाढतं. माझ्या गोलाला भोक पडलं तर आत-बाहेर दाब सारखा, ठिगळ लावायला वेळ मिळतो.

तांबडी माती
ठिगळ लावेपर्यंत बाहेरचा कार्बन डायऑक्साइड आत झिरपतो, हे विसरलात. हवेत तो काही टक्क्यांवर गेला की डोकं दुखतं, आणखी वाढला की शुद्ध हरपते. 'वेळ मिळतो' म्हणजे नेमका किती, हे भोकाच्या आकारावर.

मंगळाच्या मातीतल्या परक्लोरेटचा, म्हणजे क्लोरीनयुक्त क्षारांचा, मुद्दा कुणी काढायच्या आधी मीच काढतो: अर्धा ते एक टक्का, थायरॉइडला घातक. पण पाण्यात चटकन विरघळतात, माती धुता येते. तापवले तर ऑक्सिजनही देतात.

पिवळं धुकं
दाबावरून एवढं भांडता, मग शनीचा चंद्र टायटन का नको? दाब पृथ्वीच्या दीडपट, हवा बहुतेक नायट्रोजन. बाहेर जाताना दाबाचा पोशाख नको, फक्त ऑक्सिजनचा मुखवटा आणि विजेवर तापणारे कपडे. आत बाहेरच्याइतकाच दाब ठेवला तर साडेचौदा टक्के ऑक्सिजन पुरतो, आणि एवढ्या कमी प्रमाणात आगही सहज पेट घेत नाही. पाणी बर्फाच्या रूपात दगडासारखं पडलंय.

तांबडी माती
तो दगडच तुमच्या घराखाली वितळेल. आत 20 अंश, बाहेर उणे 179. उष्णतारोधक खांबांवर उचलून बांधलं नाहीत तर पाया खचणार. 2005 मध्ये हायगेन्स उतरलं तेव्हा यानाच्या उष्णतेने ओल्या जमिनीतून मिथेन वर आला होता. तसाच मिथेनने भिजलेला चिखल बुटांना लागून दारातल्या दाबकक्षात आला आणि तिथल्या उबेत त्यातला मिथेन हवेत मिसळला, तर 5 टक्क्यांवर स्फोटक मिश्रण तयार. आणि वीज? शनीपाशी ऊन पृथ्वीच्या शंभराव्या भागाएवढं, त्यातलं बरंचसं धुकं गिळतं. अणुभट्टी नेल्याशिवाय एक रात्रही निघायची नाही.

सुटे भाग
अवांतर वाटेल, पण तिघांनीही दुरुस्ती धरलेली नाही. अवकाश स्थानकावर लघवीपासून पाणी काढणारं यंत्र 2009 मध्ये कॅल्शियम सल्फेट साचून बंद पडलं होतं. वजनरहित अवस्थेत हाडं झिजतात, ते कॅल्शियम लघवीत उतरतं आणि यंत्रात खडे धरतात. तिथे सुटा भाग पुढच्या यानातून गेला. मंगळाकडे यान सोडायची सोयीची वेळ 26 महिन्यांनी एकदा येते. कॅसिनी यानाला शनीपर्यंत जायला जवळपास सात वर्षं लागली. चंद्र तीन दिवसांवर आहे. चौदा दिवसांची रात्र, कपड्यांचे सांधे झिजवणारी धूळ, सहावा हिस्सा गुरुत्व, सगळं कबूल. तरी पहिली दहा वर्षं काढायला माझं मत चंद्राला.

ढगवाला
हाडांचा मुद्दा काढलात ते बरं झालं. चंद्रावर गुरुत्व 16 टक्के, टायटनवर 14, मंगळावर 38. एवढ्यात हाडं वर्षानुवर्षं टिकतात का, हे एकाही माणसावर तपासलेलं नाही. 90 टक्के फक्त शुक्रावर. पाणीही मिळेल: गंधकाम्लाचे थेंब गोळा करून तापवले की पाणी सुटतं.

तांबडी माती
पाणी मिळेल, कार्बन मिळेल, नायट्रोजन मिळेल. गोल दुरुस्त करायला लोखंडाचा एक बोल्ट लागला तर? 460 अंशांच्या जमिनीवरून खणून आणणार का?