सुट्टीतली ऑनलाइन विज्ञान-सफर : शाळेचं चुकलं का?

रामबागवाली (धागाकर्ती) :
आमच्या कन्येच्या शाळेने यंदा तिसरी ते पाचवीच्या मुलांना सुट्टीत चार्ट, मॉडेल असलं काही दिलं नाही. (थर्माकोलचा ज्वालामुखी शेवटी रात्री अकराला कोण रंगवतं, ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे.) त्याऐवजी एका ऑनलाइन विज्ञान-सफरीचं लॉगिन दिलं. गोष्ट चालू असते आणि मूल त्यातलं एक पात्र असतं. कधी पोटात शिरायचं, कधी समुद्राच्या तळाशी उतरायचं, कधी अंधारात बुडालेल्या गावात दिवे लावायचे. दर ठिकाणी आधी अंदाज सांगायचा, मग करून बघायचं, मगच पुढचं दार उघडतं. आता शाळा उघडायची वेळ आली आणि पालकांच्या ग्रुपवर महाभारत पेटलंय. "पैसे देऊन मोबाइलचं व्यसन लावलं" इथपर्यंत मजल गेली आहे.

माझं मत स्पष्ट आहे : उत्तम केलं. आपण विज्ञान कसं शिकलो? "आकृती काढा व भागांना नावे द्या." अंदाज आम्हाला कोणी विचारलाच नाही. चौथीतल्या पोरीला "तुला काय वाटतं, काय होईल?" असं कोणी विचारतंय, आणि उत्तर चुकलं तर वर्गातले चाळीस जण हसत नाहीत, हीच मला मोठी गोष्ट वाटते. तिने एक तार बॅटरीच्या दोन्ही टोकांना थेट जोडली, बॅटरीने पडद्यावर पेट घेतला, आणि ती टाळ्या पिटत मला बोलवायला आली. हे घरात करू दिलं असतं का मी?

हे सगळं पैसेवाल्यांचंच असतं असंही नाही. कोलोराडो विद्यापीठाचा "फेट" नावाचा पडद्यावरच्या प्रयोगांचा संच आहे, भौतिकीचं नोबेल मिळालेल्या कार्ल वाइमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला. फुकट आहे आणि त्यातलं बरंच काही मराठीतही आहे. आपली मुलं हिंदीमुळे देवनागरी वाचतातच, त्यामुळे इंदूरच्या मराठी घरात त्याचा फायदा आहे.

तर मंडळी, मत मांडा. फक्त "आमच्या वेळी असं नव्हतं" एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या.

कोरडा_कचरा :
ताई, आमच्या वेळी असं नव्हतं. :) पण एवढंच लिहीत नाही.

पडद्यावरची तार कधी खोटी निघत नाही, हाच माझा आक्षेप. मागे पुतण्याला घेऊन खरा दिवा लावायला बसलो. टॉर्चचा बल्ब, दीड व्होल्टचा सेल आणि मोटर वाइंडिंगवाल्याकडून आणलेली तांब्याची तार. जोडलं, पेटेना. पोरगं म्हणालं, काका, सेल गेला. सेल बदलला. तरी नाही. बल्ब बदलला. नाही. शेवटी तारेचं टोक पॉलिश पेपरने घासलं, वरचं वार्निश निघालं, आतलं लालसर तांबं दिसलं आणि दिवा लागला. त्याला एका दुपारी कळलं की चमकते ती तार उघडी असतेच असं नाही, आणि वार्निशमधून वीज जात नाही. तुमच्या सफरीत हे येणार नाही, कारण तिथे तार म्हणजे सांगितलेलं काम इमानदारीने करणारं एक चित्र.

दुसरं. त्याच पुतण्याला असली एक सफर खेळताना मागे उभा राहून पाहिलंय. तीन पर्याय होते. पहिला दाबला, लाल. दुसरा, लाल. तिसरा, हिरवा. टाळ्या, तारा, बॅज. प्रश्न वाचलाच नव्हता. ह्याला तुम्ही अंदाज म्हणता?

रामबागवाली :
तीन पर्यायांचं पटतं, पण तो दोष त्या सफरीच्या बनवणाऱ्याचा. मी फेटचं नाव घेतलं ते म्हणूनच. तिथल्या बहुतेक प्रयोगांत लाल-हिरवं नसतं, तारा-बॅज नसतात. फुगा आहे, स्वेटर आहे, भिंत आहे. घासा आणि बघा. पोर तिथे बटणं बडवून पुढे सरकूच शकत नाही, कारण पुढे काही नाहीच.

कोरडा_कचरा :
फुग्याचं तुम्हीच काढलंत म्हणून. तो फुगा पडद्यावर बाराही महिने चिकटतो. खरा फुगा डोक्याला घासून भिंतीला लावा : इंदूरच्या मेमध्ये हवा कोरडी, मस्त चिकटेल. जुलैत पावसाची झड लागली की तोच फुगा घरंगळून खाली. हवेतल्या दमटपणामुळे फुग्यावरचा विद्युतभार टिकत नाही. ह्यात जो प्रश्न दडलाय तो पडद्यावर कुठल्या पोराला पडणार?

आयटीवाला_विजयनगर :
कोरडा कचरा भिया, तुमच्या पुतण्याला तुमच्यासारखा काका आहे. ज्याला नाही त्याचं काय? आम्ही दोघं नवराबायको साडेआठला घरी येतो. त्या वेळी वाइंडिंगची तार शोधायला मी निघू? घरात बसून प्रयोग करून घ्यायला एक मोठा माणूस रिकामा लागतो, आणि बहुतेक घरांत तो माणूस म्हणजे आईच असते. ऑनलाइनवाल्यांना शिव्या देताना हा हिशोब कोणी मांडत नाही.

आणि काही गोष्टी हातात धरताच येत नाहीत. आपल्याच गावात राजा रामण्णा संशोधन केंद्रात इंडस-२ नावाचं इलेक्ट्रॉन फिरवणारं प्रचंड यंत्र आहे. सुमारे १७२ मीटर घेराच्या कड्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात. मनात आलं म्हणून पोराला घेऊन कोणी आत जाऊ शकतं का? तिथे पडदाच लागणार.

दोन_पोरांची_आई :
चौथीच्या पोराला इलेक्ट्रॉन कशाला? आधी डाळ शिजायला कुकर का लागतो ते कळू दे.

माझा मुद्दा वेळेचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पडद्यासमोर दिवसाला एक तासच सांगितलाय ना?

आयटीवाला_विजयनगर :
ताई, तो एक तास २०१९ च्या सूचनांमधला, आणि त्या पाच वर्षांखालच्या मुलांसाठी आहेत. आपल्या शिक्षण मंत्रालयाने जुलै २०२० मध्ये ऑनलाइन शिक्षणाच्या सूचनांचं "प्रज्ञाता" काढलं, त्यात पहिली ते आठवीला ऑनलाइन वर्गाची दिवसाला जास्तीत जास्त दोन सत्रं होती, ३० ते ४५ मिनिटांची. सफरीला एक सत्र दिलं तरी भागतं.

दोन_पोरांची_आई :
भागतं ते कागदावर. सफर संपल्यावर फोन परत कोण देतं? आणि आमच्याकडे कामाला येतात त्या मावशींचा मुलगा तिसरीत आहे, दुसऱ्या शाळेत, पण तिथेही असंच काहीतरी दिलंय. घरात एक फोन, तो वडील घेऊन डिलिव्हरीला जातात. रात्री दहाला फोन येतो तेव्हा पोरगं झोपलेलं असतं. त्याच्या बाईंनी ग्रुपवर यादी टाकली, "सफर अपूर्ण असलेले विद्यार्थी". यादीत ह्याचं नाव. थर्माकोल तरी पन्नास रुपयांत येत होता.

रामबागवाली :
यादी टाकणं वाईटच. ह्यावर माझा अजिबात वाद नाही.

निवृत्त_मास्तर :
उशिरा लिहितोय. मी नोकरीची बरीच वर्षं होशंगाबादकडे काढली, सरकारी माध्यमिक शाळांत. तिथे १९७२ मध्ये सोळा शाळांत होशंगाबाद विज्ञान, म्हणजे प्रयोगांतून विज्ञान शिकवायचा कार्यक्रम, सुरू झालं होतं, पुढे बाकी जिल्ह्यांतही पसरलं, २००२ मध्ये सरकारने बंद केलं. सहावी ते आठवीला होतं, म्हणजे तुमच्या मुलांपेक्षा थोडी मोठी पोरं. "बाल वैज्ञानिक" नावाचं पुस्तक, त्यात प्रयोग आणि प्रश्न. उत्तरं छापलेली नाहीत. चार-चार पोरांच्या टोळ्या, एक किट, आणि परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा. पडद्याशिवाय जे करता येतं ते सगळं त्यात होतं, म्हणून कोरडा कचरा यांच्याशी मी निम्मा सहमत आहे.

पण मला त्यातलं सर्वांत आवडलेलं पात्र सवालीराम. मुलं त्याला पत्रं लिहायची. प्रश्न कसलाही चालायचा, आणि पोस्टाने उत्तर यायचं. पाठीमागे माणसं बसून उत्तरं लिहीत. खेड्यातल्या मुलाच्या नावाने पत्र आलं की अख्खा वर्ग गोळा व्हायचा.

तेव्हा ह्या ऑनलाइन सफरींना माझा एकच सवाल. तुमची सफर मुलाला शंभर प्रश्न विचारते. मुलाने तिला एक विचारला तर? तो प्रश्न जातो कुठे? बहुतेक ठिकाणी विचारायची जागाच नसते. शाळेने लॉगिन दिलं तसं, शाळा उघडल्यावर पहिले दोन तास फक्त मुलांच्या प्रश्नांना दिले तर माझं भांडण मिटलं. ते देणार आहेत का, हे ग्रुपवर विचारा. व्यसनाबिसनाचं नंतर.

आयटीवाला_विजयनगर :
सर, हल्ली चॅटबॉट आहेत की. हवं ते विचारा.

निवृत्त_मास्तर :
आहेत. नातीने विचारून दाखवलं. उत्तर दोन सेकंदांत आलं आणि ती विसरूनही गेली. सवालीरामच्या पत्राची आमची पोरं दिवस-दिवस वाट बघायची, आणि तोवर आपसांत भांडून अर्धं उत्तर काढलेलं असायचं.

बाबा_नव्हे_आजोबा :
इथे "पडदा की खरं" असं दोन पार्ट्यांचं इलेक्शन चाललंय, म्हणून घरातलं परवाचंच सांगतो.

नातू पाचवीत जाणार. त्याच्या बापाने संगणकावर स्टेलॅरियम टाकून दिलंय. फुकटात मिळतं, कुठल्याही गावाचं, कुठल्याही दिवसाचं आकाश दाखवतं. पोरगं तारीख पुढेमागे करत बसलं होतं. त्याच्या लक्षात आलं की जूनच्या ७ तारखेच्या आसपास सूर्य इंदूरच्या बरोब्बर डोक्यावर येतो. मला म्हणाला, आबा, त्या दिवशी सावली गायब! मी म्हटलं, चल गच्चीवर.

फूटभर काठी ओळंब्याने सरळ उभी केली, खाली पांढरा कागद. बारा वाजता बघितलं तर सावली आहेच, पश्चिमेकडे इंचभर पसरलेली. पोराचा चेहरा उतरला. "संगणक खोटं बोलला." मी काही बोललो नाही, छत्री धरून बसलो. सव्वाबाराला सावली अर्ध्या इंचाच्या आत. १२:२५ ला काठीच्या बुडाशी नाहीशी. मग त्याचा प्रश्न : दुपारचे बारा म्हणजे सूर्य डोक्यावर ना? मग पंचवीस मिनिटं उशीर का?

खाली येऊन परत स्टेलॅरियम. तिथेही १२:२५ च. मग नकाशा काढला. आपली घड्याळं साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, तो जातो तिकडे मिर्झापूरजवळून. इंदूर पावणेशहात्तरच्या थोडं पुढे. अंशाला चार मिनिटं धरा, गुणाकार त्यानेच केला. आता हे पडद्याने शिकवलं की गच्चीने, तुम्ही ठरवा.

कोरडा_कचरा :
गच्चीने! पडद्यावरही १२:२५ च होतं, पण उन्हात काठीपाशी बसेपर्यंत त्याला ते दिसलं नव्हतं.

रामबागवाली :
आणि ७ जूनला भर दुपारी गच्चीवर जायचं त्याला सुचवलं कोणी? काठीने?

दोन_पोरांची_आई :
काका, हे परत कधी? मुलांना दाखवायचंय.

बाबा_नव्हे_आजोबा :
जुलैच्या ५-६ तारखेच्या आसपास सूर्य परतताना पुन्हा डोक्यावर येतो. वेळ साडेबाराच्या जवळपास. पण तोवर ढग असणार, भरवसा नाही. शेजारची पोरंही बोलवा. काठीला लॉगिन लागत नाही.

लष्करची_मावशी :
मी ग्वाल्हेरहून वाचतेय. आमच्याकडे ही सावली कधी गायब होते?

बाबा_नव्हे_आजोबा :
ताई, कधीच नाही. ग्वाल्हेर २६ अंशांवर, कर्कवृत्ताच्या उत्तरेला. सूर्य साडेतेवीसवरूनच माघारी फिरतो.

रामबागवाली :
बघा! म्हणजे ग्वाल्हेरच्या मुलांनी हे पडद्यावरच बघायचं.

कोरडा_कचरा :
अजिबात नाही. मावशी, २१ जूनला तुमच्याकडे भर दुपारी फूटभर काठीची साधारण अर्धा इंच सावली उरेल, उत्तरेकडे. ती मोजायला लावा मुलांना. अर्धा इंच का उरला, ह्यावर ती दिवसभर भांडतील.

लष्करची_मावशी :
आमच्याकडे पंचेचाळीस डिग्री आहे बाबा. तुम्हीच या मोजायला, पन्हं करून ठेवते.