मदत हवी आहे : पाणबुडी सिम्युलेशनचे जुने गेम विंडोज ११ वर कसे टिकवावेत, आणि नवीन काय घ्यावे?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी,

नवीन पीसी जोडला आहे: विंडोज ११, १६ जीबी रॅम, ८ जीबीचे ग्राफिक्स कार्ड, १ टीबीची एसएसडी. यावर पाणबुडीचे गेम असे बसवायचे आहेत की पुढची दहा वर्षे त्यांना हात लावावा लागू नये. हाताशी आहे ते असे: सायलेंट हंटर ३ ची २००५ ची डिस्क, सायलेंट हंटर ४ (स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानावर, यू-बोट मिशन्स या पुरवणीसकट) आणि डेंजरस वॉटर्स (हेही स्टीमवर).

१. सायलेंट हंटर ३ डिस्कवरून इन्स्टॉल होतो, पण चालू करायला गेलं की ड्रायव्हरची एरर येते. यावर इलाज आहे का?
२. सायलेंट हंटर ३ चा ग्रे वुल्व्ज एक्स्पान्शन ३.० आणि इतर मॉड (चाहत्यांनी केलेले फेरबदल) कोणत्या क्रमाने घालायचे? बॅकअप नेमका कशाकशाचा ठेवायचा?
३. सायलेंट हंटर ५ आला २०१० साली. त्यानंतर तो काढणाऱ्या युबीसॉफ्टकडून मुख्य मालिकेत काहीच नाही. हा प्रकार संपत चाललाय असं समजायचं का? यूबोट, वुल्फपॅक, सी पॉवर यांपैकी पैसे कशात घालावेत?
४. डेंजरस वॉटर्समध्ये किलो वर्गाच्या पाणबुडीला टोड ॲरे (मागे ओढायची, आवाज ऐकणारी सोनारची लांब तार) नाही. नुसत्या बेअरिंगवरून (आवाज कोणत्या दिशेने येतो त्या अंशांवरून) अंतर कसं काढतात?

जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

दीपस्तंभ

पहिल्या दोन प्रश्नांबद्दल लिहितो.

सायलेंट हंटर ३ च्या डिस्कवर स्टारफोर्स नावाचं कॉपी-संरक्षण आहे. ते स्वतःचा ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात बसवतं, आणि २००५ चा तो ड्रायव्हर आजच्या ६४ बिट विंडोजवर लोड होत नाही. कम्पॅटिबिलिटी मोड, ॲडमिन म्हणून चालवणं, यातल्या कशानेही फरक पडणार नाही. ड्रायव्हरची सही तपासणं बंद करून तो जबरदस्तीने घुसवण्याचे उपाय सापडतील. ते करू नका, एका गेमसाठी सगळ्या मशीनची सुरक्षा सैल होते. अर्धवट बसलेला ड्रायव्हर काढायला स्टारफोर्सचंच काढणी साधन मिळतं, ते आधी चालवा. मग स्टीमवरची प्रत घ्या. सेलमध्ये अगदी स्वस्तात मिळते, त्यात स्टारफोर्स नाही, आणि ती आधीच १.४ बी आवृत्तीची असते. ग्रे वुल्व्जला नेमकी हीच आवृत्ती लागते.

इन्स्टॉल करण्यापूर्वी सी ड्राइव्हच्या मुळाशी 'गेम्स' असा वेगळा फोल्डर करा आणि गेम त्यात ठेवा. प्रोग्राम फाइल्समध्ये जुने गेम ठेवू नयेत. तिथे लिहायची परवानगी नसली की विंडोज त्या फाइली गुपचूप व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरात वळवतं. तुम्ही एक फाइल बदलता, गेम दुसरीच वाचतो, आणि चूक कुठे आहे ते दिवसभर सापडत नाही.

मग क्रम असा:

गेम एकदा कोणत्याही मॉडशिवाय चालवा, ट्रेनिंगचं एक मिशन उघडून बंद करा. त्या स्वच्छ फोल्डरची प्रत काढून बाजूला ठेवा. त्यानंतर ग्रे वुल्व्ज त्याच्या स्वतःच्या इन्स्टॉलरने थेट गेमवर बसवा, मॉड म्हणून नाही. सोबत जेएसजीएमई हे मॉड चालू-बंद करायचं साधन येतं, आणि ग्रे वुल्व्जचे ऐच्छिक भाग त्याच्या मॉड्स फोल्डरात असतात. मूळ गेममध्ये नजर ८ किलोमीटरपर्यंतच पोचते. ती वाढवणारा '१६ किलोमीटर ॲटमॉस्फिअर' हा भाग जरूर घ्या. तुमच्या मशीनला तो जड जाणार नाही.

आता बहुतेक जण जिथे अडकतात ती जागा. जेएसजीएमईमध्ये मॉडच्या नावाचा फोल्डर उघडला की लगेच आत 'डेटा' फोल्डर दिसला पाहिजे. झिप उलगडताना अनेकदा मॉडच्या फोल्डरात त्याच नावाचा आणखी एक फोल्डर तयार होतो आणि 'डेटा' त्याच्या आत जातो. जेएसजीएमई तक्रार करत नाही, मॉड 'चालू' म्हणून दाखवतं, पण फाइली गेमच्या मुळाशी भलत्याच ठिकाणी जाऊन पडतात आणि गेमला त्यांचा पत्ताच नसतो. मॉड घालूनही काही बदललं नाही असं वाटलं तर सगळ्यात आधी हे बघा.

मॉड बंद करताना उलट्या क्रमाने करा, शेवटचा आधी. चालू गस्तीत मॉड बदलू नका, बंदरात असतानाच बदला. एसएच३ कमांडर हे सायलेंट हंटर ३ सोबतचं पूरक साधन वापरणार असाल तर मॉडला हात लावण्याआधी त्यातलं 'रोलबॅक' करा. कमांडर गेम चालू होताना काही फाइली बदलतो आणि नंतर आपल्याकडच्या जुन्या प्रती परत ठेवतो. मधल्या काळात मॉड घातला तर त्या जुन्या फाइली मॉडच्या फाइलींवर येऊन बसतात.

सेव्ह करण्याचा नियम कडक पाळा: पाण्याखाली असताना किंवा जवळपास ताफा, विध्वंसक, विमान असताना सेव्ह करू नका. गेम इतर जहाजांची अवस्था धड साठवत नाही. लोड केल्यावर एकतर क्रॅश, नाहीतर ताफ्याचं वागणं बिघडलेलं. पृष्ठभागावर या, आसपास कोणी नाही याची खात्री करा, मग सेव्ह.

सायलेंट हंटर ४ साठी फॉल ऑफ द रायझिंग सन अल्टिमेट हा मॉड घ्या. त्याला आवृत्ती १.५ लागते, ती तुमच्याकडे आहे. तिथे मात्र चार जीबी पॅच आवश्यकच समजा. गेमची एक्झी (चालवायची मुख्य फाइल) ३२ बिट आहे, त्यामुळे ती २ जीबीच्या वर मेमरी मागतच नाही. मोठा मॉड घातला की मोहीम लोड होताना गेम बंद पडतो, मग रॅम १६ असो की ६४. एनटीकोअरचा पॅच एक्झीमधली एक खूण (फ्लॅग) बदलतो आणि मर्यादा ४ जीबीवर जाते. मूळ एक्झीची प्रत तो स्वतःच शेजारी ठेवतो. मॉड घालण्याआधी डॉक्युमेंट्समधला एसएच४ फोल्डर काढून टाका, जुनी सेव्ह नव्या मॉडवर चालत नाहीत.

बॅकअपमध्ये स्वच्छ फोल्डर, मॉडच्या मूळ झिप त्यांच्या रीडमीसकट, आणि मॉडच्या क्रमाची यादी ठेवा. ही यादी जेएसजीएमईच्या टास्क मेनूतून निर्यात करता येते. स्टीमचं 'व्हेरिफाय' बटण दाबू नका, ते मॉडच्या जागी मूळ फाइली आणून ठेवतं. आणि एक लक्षात असू द्या, फोल्डरची प्रत म्हणजे परवाना नव्हे. स्टीमचं खाते जपणं हाही बॅकअपचाच भाग आहे.

उधाण

तिसऱ्या प्रश्नावर माझं मत. प्रकार संपत नाही, पण मोठ्या कंपन्यांच्या हातून तो गेला आहे आणि परत येईल असं मला वाटत नाही.

डेंजरस वॉटर्स ज्यांनी केला त्या सोनालिस्ट्सकडे बघा. १९९७ मध्ये ६८८(आय) हंटर/किलर, २००१ मध्ये सब कमांड, २००५ मध्ये डेंजरस वॉटर्स. कनेक्टिकटमधली ही संस्था मुळात अमेरिकी संरक्षण खात्याची कामं करणारी. ज्यांना सोनार खरोखर कळतो त्यांना संरक्षणाचं कंत्राट मिळत असेल तर घरगुती ग्राहकासाठी ते कशाला झिजतील? कमांड : मॉडर्न ऑपरेशन्स या युद्ध-सिमची सैनिकी संस्थांसाठी वेगळी प्रोफेशनल आवृत्ती आहे. आर्मा या युद्ध-गेमच्या घराण्यातून निघालेल्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह सिम्युलेशन्सला २०२२ मध्ये बीएई सिस्टिम्सने विकत घेतलं. पैसा तिकडे आहे.

दुसरं कारण माहितीचं. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुड्यांची नियमपुस्तकं आणि आराखडे उघड आहेत. जर्मनीत लाबोला यू-९९५ आणि शिकागोला यू-५०५ आत शिरून बघता येतात. अणुपाणबुडी किती आवाज करते हे मात्र कोणीही सांगणार नाही, तिथे गेम करणाऱ्याला अंदाजच बांधावा लागतो. म्हणून बरेचसे गेम अटलांटिकचे असतात. (आपल्याकडे विशाखापट्टणमला आयएनएस कुरसुरा आहे, फॉक्सट्रॉट वर्गाची. टॉर्पेडो कक्षाची अडचण डोळ्यांनी बघायची असेल तर तिथे जाच.)

आता पैसे. माझी कसोटी एकच: कंपनीचा सर्व्हर उद्या बंद झाला तर गेम चालेल का, आणि तो मॉड करता येतो का? सायलेंट हंटर ५ एकट्याने खेळायलाही सतत इंटरनेट मागायचा. मार्च २०१० मध्ये युबीसॉफ्टचे सर्व्हर कोलमडले तेव्हा विकत घेणारेच बाहेर राहिले. २०२२ मध्ये ज्या जुन्या गेमांच्या ऑनलाइन सेवा बंद केल्या त्यांत तोही होता. २०२४ मध्ये द क्रू हा गेम पूर्ण बंद झाल्यावर 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहीम उभी राहिली ती याच दुखण्यावर, आणि सिम खेळणाऱ्या प्रत्येकाने तिच्याकडे लक्ष ठेवावं.

यूबोट : एप्रिल २०१९ ला अर्ली ॲक्सेस (गेम अपुरा असतानाच विक्री), ऑगस्ट २०२४ ला पूर्ण आवृत्ती. पाच वर्षं लागली, पण पूर्ण झाला. एकट्याने खेळता येतो, स्टीम वर्कशॉपवर मॉड आहेत. पहिले पैसे यात घाला.

वुल्फपॅक : एकाच पाणबुडीवर अनेक जण आपापली जागा सांभाळतात. मित्रांची टोळी असेल तर याला तोड नाही, नसेल तर थांबा.

सी पॉवर : नोव्हेंबर २०२४ ला अर्ली ॲक्सेसमध्ये आला. यात तुम्ही ताफ्याचे सेनापती, सोनारवर बसून ठिपके जुळवायचं काम नाही. तुमचा चौथा प्रश्न बघता तुम्हाला हवा तो हा गेम नव्हे. शीतयुद्धातली एकच पाणबुडी हवी असेल तर २०१७ चा कोल्ड वॉटर्स घ्या. सोपा आहे पण पूर्ण आहे.

अर्ली ॲक्सेसमधलं काहीही आज आहे तेवढ्यावर पारखून घ्या, पुढच्या आश्वासनावर नाही. विमानांच्या सिममध्ये हे दिसलंच. डीसीएस या सिममधली एफ-१५ई आणि मिराज २००० सी ही विमानं करणाऱ्या राझबॅम कंपनीने एप्रिल २०२४ मध्ये पैशांच्या वादावरून काम थांबवलं, आणि पूर्ण किंमत मोजलेले ग्राहक अधांतरी राहिले. याउलट १९९८ चा विमानाचा सिम फाल्कन ४ बघा. मूळ प्रत असली की त्यावर बीएमएस हे चाहत्यांचं मॉड फुकट बसतं आणि आजही त्याच्या नव्या आवृत्त्या येतात.

डोलकाठी

चौथा प्रश्न. किलो म्हणजे आपल्या नौदलाचा सिंधुघोष वर्ग, त्यामुळे हे शिकायला वेगळीच मजा आहे.

एका सरळ मार्गावरून घेतलेल्या बेअरिंगवरून अंतर निघतच नाही. जवळचं सावकाश जहाज आणि लांबचं वेगवान जहाज दोन्ही सारखीच बेअरिंग देऊ शकतात. टीएमएच्या (बेअरिंगवरून लक्ष्याचा मार्ग, वेग, अंतर काढायच्या) पडद्यावर ठिपके सरळ रांगेत आले तरी ते उत्तर खोटं असू शकतं. म्हणून मार्ग बदलून दुसरा पाय (सरळ मार्गाचा टप्पा) घ्यावा लागतो.

उदाहरण घेऊ. संपर्क (ऐकू आलेलं जहाज) ०४५ वर आहे. वेग ५ नॉट, मार्ग १०५ धरा, म्हणजे संपर्क डाव्या बाजूला ६० अंशांवर येईल. दृष्टिरेषेला आडवा तुमचा वेग ४.३ नॉट, उजवीकडे. ५ मिनिटांत बेअरिंग ०४५ वरून ०४० वर आली, म्हणजे मिनिटाला १ अंश डावीकडे. आता डावीकडे वळून मार्ग ३४० घ्या. आडवा वेग पुन्हा ४.३, पण डावीकडे. वळताना आणि त्यानंतरची दोन मिनिटं मिळालेल्या बेअरिंग सोडून द्या. पुढच्या ५ मिनिटांत ती ०४० वरून ०४४ वर गेली, म्हणजे मिनिटाला ०.८ अंश उजवीकडे.

दिशा उलट्या असल्याने दोन्हींची बेरीज करायची : आडव्या वेगातला फरक ८.६ नॉट, बेअरिंगच्या गतीतला फरक १.८. भागाकार ४.८, त्याला ०.९५ ने गुणा (सागरी मैलांत उत्तर येण्यासाठीचा गुणांक). अंतर साधारण साडेचार सागरी मैल. हे अंतर टीएमएच्या पट्टीवर बसवा आणि मग मार्ग आणि वेग हलवून दोन्ही पायांचे ठिपके एकाच सरळ रांगेत आणा.

चूक कुठे होते? बेअरिंगमध्ये ५ मिनिटांत १ अंशाची चूक म्हणजे गतीत ०.२ ची चूक. फरक १.८ असेल तर अंतर दहाएक टक्क्यांनी चुकेल, चालेल. पण फरक ०.४ च असेल तर उत्तर निम्म्याने इकडेतिकडे, त्यावर टॉर्पेडो सोडू नका. लांबच्या संपर्कासाठी पाय १०-१२ मिनिटांचे करा. दोन पायांच्या मध्ये समोरच्याने मार्ग बदलला तर सगळं मोडीत काढून पहिल्यापासून सुरुवात. आणि आडवा वेग वाढवायच्या मोहाने ५-६ नॉटच्या वर जाऊ नका. स्वतःच्याच आवाजात संपर्क बुडतो आणि बॅटरीही झरझर उतरते.

खाडीकाठ

तिघांचेही मनापासून आभार. यूबोट घेतो. डोलकाठी, तुमचं गणित सरावाच्या मिशनवर पडताळलं, अंतर अगदी जवळ आलं.

एक अडचण उरली. स्टीमची प्रत वेगळ्या फोल्डरात टाकून ग्रे वुल्व्ज बसवलं. ट्रेनिंग चालतं, पण करिअर सुरू करताना लोडिंग संपता संपता गेम बंद होतो. कोणतीही एरर नाही. मॉड एकही नाही, फक्त ग्रे वुल्व्ज.

दीपस्तंभ

दोन गोष्टी तपासून सांगा. डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हमध्ये गेलाय का? आणि विंडोजचं खातं कोणत्या लिपीतल्या नावाने आहे?

खाडीकाठ

वनड्राइव्ह चालू आहे. खात्याचं नाव देवनागरीत आहे.

दीपस्तंभ

मग माझा संशय या दोन्हींवर आहे. गेम करिअर डॉक्युमेंट्समधल्या एसएच३ फोल्डरात लिहितो, आणि तिथे जाणाऱ्या पत्त्यात तुमच्या खात्याचं नाव येतं. २००५ च्या या गेमला युनिकोड पत्ते कळत नाहीत, देवनागरी अक्षरांच्या जागी त्याला प्रश्नचिन्हं दिसतात आणि फाइल उघडत नाही. ट्रेनिंगला सेव्ह लागत नाही म्हणून ते चालतं.

खात्याचं नुसतं नाव बदलून उपयोग नाही, आतल्या फोल्डरचं नाव तेच राहतं. रोमन लिपीतल्या छोट्या नावाने नवीन लोकल खातं करा, त्यात वनड्राइव्हचा डॉक्युमेंट्स बॅकअप बंद ठेवा, आणि त्या खात्यातून गेम चालवा. गेमचा फोल्डर हलवायची गरज नाही. ग्रे वुल्व्ज लोड व्हायला काही मिनिटं घेतं, पडदा गोठल्यासारखा दिसेल, तेवढ्यात टास्क मॅनेजरने मारू नका. तरीही बंद पडला तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲप्लिकेशनखाली शेवटची लाल नोंद असेल, त्यातलं 'फॉल्टिंग मॉड्यूल'चं नाव इथे टाका.