संगीत नाटकाने त्रास दिला, म्हणून ते वाईट?

तिसरी घंटा: ‘दिवसभर राबून नाटकाला जायचं, तिथे गाण्यांतून तरी छळू नका’ अशी पोस्ट सकाळपासून फिरते आहे. वाचून डोकं फिरलं. तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये ब्राह्मणांची रांग डोलायला लागते आणि आपलाही पाय ठेका धरतो. मग त्याच रांगेची भिंत होते. भिंतीआड काय चाललंय ते कळतं, तरी पाय थांबत नाही. बाप घाशीराम पोटची पोर नाना फडणवीसाला देऊन कोतवाली घेतो आणि आपण तालात! भास्कर चंदावरकरांच्या संगीताने आपल्यालाही त्या रांगेत उभं केलेलं असतं. भाषणाने हे होत नाही. हा त्रास काढून टाकलात तर नाटकात उरतं काय?

षड्ज: साफ असहमत. १९७२ साली ‘घाशीराम’ आलं तेव्हा तो धक्का खरा होता. आता जो तो धक्काच द्यायला निघालाय. सूर एकाचा लागत नाही आणि वर ‘तुम्हाला झेपलं नाही’ हे ऐकून घ्यायचं. वडील गेल्यावर आई पहिल्यांदा घराबाहेर पडली, ती माझ्याबरोबर अशाच एका प्रयोगाला. प्रेतयात्रेचं गाणं सुरू झालं आणि तिने माझा हात असा धरला की बांगडी रुतली. मध्यंतरात घरी आलो. तिला कुठलं सत्य शिकवणार होतात?

जुना श्रोता: जुन्या संगीत नाटकांनी काय कमी त्रास दिला? ‘शारदा’ १८९९चं, ‘एकच प्याला’ १९१९चं. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला काढलेली पोर, दारुड्या बापाच्या हातून मेलेलं तान्हं मूल. पण सगळं सुरात.

पाचवी रांग: मला तेच खटकतं! ‘एकच प्याला’त सिंधूचं ‘कशी या त्यजू पदाला’ संपलं की वन्समोअर. एवढे हाल सोसून ती बाई नवऱ्याचे पाय सोडत नाही आणि तुम्ही म्हणता, पुन्हा गा!

जुना श्रोता: वन्समोअर गाण्याला असतो, हालांना नाही. बालगंधर्वांची सिंधू बघून लोकांनी डोळे पुसलेत. तुमच्या पिढीला गाणं ऐकताच येत नाही.

पाचवी रांग: पिढी काढू नका. डोळे पुसून घरी जाऊन काय केलं? माझे आजोबा पिऊन आले की आजी भाकरी थापता थापता हेच पद गुणगुणायची. बाहेरच्या खोलीत पाहुणे म्हणायचे, काय गळा आहे! तिच्या पाठीवरचे वळ कुणी पाहिले नाहीत. गोड चालीने सगळं झाकलं.

जुना श्रोता: आजींचं वाचून वाईट वाटलं. पण नाटककार गडकऱ्यांनी सिंधूच्या नवऱ्याला, सुधाकराला, मोकळं सोडलेलं नाही. शेवटी तो विष घेतो.

पाचवी रांग: सिंधू गेल्यावर! आणि लोक घरी नेतात ते पद, विष नाही.

तिसरी घंटा: म्हणूनच ‘घाशीराम’ वेगळं. तिथली चाल आधी गोडीत ओढते आणि मग तोंडघशी पाडते. घाशीराम ठेचला जातो, नाना उत्सव जाहीर करतो, पुन्हा नाच. तिथे वन्समोअर मागायची कुणाची छाती आहे?

षड्ज: बरं, ‘घाशीराम’ तुमचं. पण जाहिरातीत विषयाची कल्पना द्या. आईला न्यायचं की नाही, ते आमचं आम्ही ठरवू.

तिसरी घंटा: द्यावीच. फक्त त्यापायी प्रसंगाला कात्री लावू नका.

जुना श्रोता: कात्रीला माझाही विरोध. वन्समोअर मात्र मी मागणारच.