खेकड्याच्या 'कॅरापेस'ला काय म्हणावं?

मार्कंडेयकाठ: बेळगावच्या कॉलेजातली मुलं कारवारला काळी नदीच्या खाडीत खेकड्यांची नोंद करायला जाणार आहेत. त्यांचा तक्ता मराठीत करतोय आणि 'कॅरापेस'वर अडलोय. 'कवच' म्हटलं तर पाय-नांग्यांवरचंही त्यात आलं. मोजायचा आहे फक्त वरचा भाग, तोही आडवा, दोन्ही कडांच्या शेवटच्या काट्यांच्या टोकांमधला. कुणीतरी 'पृष्ठवर्म' सुचवलं. चिखलात उभं राहून हे कोण बोलणार?

निपाणीवाला: पाठ म्हणा की वो. आमच्याकडं किरवं धरायला शिकवताना 'पाठीमागनं धर, नांगीपुढं बोट नेऊ नको' असंच सांगत्यात. आणि तक्त्यात 'खेकडा' कशाला? 'किरवं' लिहा.

शब्दनिष्ठ: 'किरवं' प्रांतिक आहे. नोंदीत प्रमाण शब्दच हवा, तो 'खेकडा'. संस्कृत 'कर्कट'वरून आलेला.

निपाणीवाला: कर्कटात 'ख' कुठाय? माझ्या मते कर्कटाचं किरवं झालं. तुमचा खेकडाच उपरा.

कारवारची_सून: माहेर शहापूरचं, सासर कारवारचं. सासरी सगळे 'कुर्ली' म्हणतात. 'कुलीर' हाही संस्कृतच, आणि कुलीर-कुर्ली बघा किती जवळचे! खाडीत जाऊन 'किरवं कुठं मिळतं?' विचारलंत तर होडीवाला हसेल.

रानवाटा: हसेल, आणि बरोबरच हसेल. किरवं गोड्या पाण्यातलं. त्याची मादी पिल्लं तयार झाल्यावरसुद्धा पोटाखालच्या पट्टीत धरून हिंडते, पट्टी उचलली की मोहरीएवढी पिल्लं वळवळताना दिसतात. खाडीतल्या कुर्लीची मादी अंडी सोडायला समुद्राकडे जाते, पिल्लं आधी पाण्यात तरंगत वाढतात. तिचे मागचे दोन पाय चपटे, वल्ह्यासारखे. किरव्याला वल्हं नाही. घराणंच वेगळं.

शब्दनिष्ठ: म्हणूनच म्हणतो, बोलीतली नावं नोंदीला कुचकामी.

रानवाटा: असं कसं? 'स्थानिक नाव' हा रकाना हवाच, फक्त त्यावरून जात ठरवू नका. खाडीत दोन मोठ्या कुर्ल्या मिळू शकतात, सिला सेराटा आणि सिला ऑलिव्हेशिया. 1998 पर्यंत अभ्यासकांचाही यात गोंधळ होता, तेव्हाच्या फेरमांडणीत सिलाच्या चार जाती पक्क्या झाल्या. नांगीच्या मनगटाची बाहेरची बाजू बघायची. सेराटाला तिथं दोन ठळक काटे, ऑलिव्हेशियाला एखादा बारीक किंवा तेवढाही नाही. डोळ्यांमधले दातेही सेराटाचे उंच, दुसरीचे बसके, गोलसर. फोटो या दोन जागांचे घ्या, नुसता ताटातला नको.

शब्दनिष्ठ: खेकड्याला मनगट? मनगट माणसाला असतं.

कारवारची_सून: नांगीला कोपर-मनगट म्हटलेलं पोरांना पटकन कळतं. तुम्ही काय म्हणाल, 'मणिबंध'?

शब्दनिष्ठ: का नाही म्हणायचं?

मार्कंडेयकाठ: पाठीवर या हो कुणीतरी. 'पाठ मोजा' लिहिलं तर धड्याचा पाठ वाटेल, म्हणून 'पाठीची रुंदी' लिहितोय. चालेल ना?

निपाणीवाला: चालतंय की. पण नर-मादीचा रकाना घातलाय का? पोटाखालची पट्टी अरुंद, टोकदार असली की नर, रुंद असली की मादी. आमची आज्जी उलटं करून लगेच सांगायची. मादीत अंडी असली तर सोडून द्यायची.

कारवारची_सून: सासरी त्या अंड्यांवरूनच भांडणं व्हायची.

रानवाटा: त्या खोऱ्यात कन्नडही बोलतात, तेव्हा 'एडि' हे नावही लिहून ठेवा.

शब्दनिष्ठ: मराठी तक्त्यात कन्नड?

निपाणीवाला: ओ, आमच्या बांधावर मराठी-कन्नड दोन्ही चालतंय, किरवं दोन्हीकडं भोकं पाडतंय. शिवाय कन्नडात रास 'कर्काटक', म्हणजे तुमचा कर्कट तिकडंच जास्त शाबूत.

शब्दनिष्ठ: राशीचा इथं काय संबंध? आणि मग नांगीला म्हणतात तो 'डेंगा' कुठला, कोकणी की मराठी, तेही सांगा एकदा.