ईआयटीसीखालची देणगी: पैसा नेमका कोणाचा?

प्रश्न (पिट्सबर्गकर): पिट्सबर्गजवळ आमची छोटी कंपनी आहे. आमच्या सीपीएंनी (अमेरिकेतले सनदी लेखापाल) सुचवले आहे की, पेनसिल्व्हेनिया राज्याला कॉर्पोरेट कर भरण्याऐवजी ईआयटीसी (एज्युकेशनल इम्प्रूव्हमेंट टॅक्स क्रेडिट) या राज्याच्या करसवलत योजनेखाली एखाद्या शिष्यवृत्ती संस्थेला देणगी द्यावी. त्यातून मुलांची खासगी शाळेची फी भरली जाते. माझी मुले पब्लिक स्कूलमध्येच, म्हणजे इथल्या सरकारी शाळेत शिकली, त्यामुळे हा पैसा कोणाच्या खिशातून जातो हे कळल्याशिवाय सही करावीशी वाटत नाही.

अनामिक सीपीए: ही योजना २००१ पासून आहे. भारतात ८०जीखाली उत्पन्नातून वजावट मिळते, इथे रक्कम थेट करातून वळती होते: एका वर्षाच्या देणगीवर ७५ टक्के आणि सलग दोन वर्षे तेवढीच देणगी देण्याचे लिहून दिल्यास ९० टक्के. म्हणजे १०,००० डॉलर दिले, तर राज्याचा कर ९,००० डॉलरने कमी होतो आणि पदरचे १,००० जातात. अर्ज आधी मंजूर व्हावा लागतो. मंजुरीचे पत्र आल्यावर ६० दिवसांत देणगी द्यायची असते.

शिक्षिका, फिलाडेल्फिया: मग ते ९,००० कोणाचे? अ‍ॅरिझोनातल्या अशाच योजनेवर २०११ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी म्हटले की, हा पैसा सरकारी तिजोरीत आलेलाच नसतो, म्हणून सामान्य करदात्याला त्याविरुद्ध दाद मागता येत नाही. रोख अनुदान आणि अशी करसवलत यांचा परिणाम एकच, असे न्यायमूर्ती एलेना केगन यांनी विरोधी मतात मांडले आणि मला तेच पटते. इथे पेनसिल्व्हेनियात २०२३ साली कॉमनवेल्थ कोर्टाने (राज्याचे एक न्यायालय) पब्लिक स्कूलना निधी देण्याची पद्धत राज्याच्या घटनेविरुद्ध ठरवली, कारण गरीब स्कूल डिस्ट्रिक्टमधल्या (स्थानिक शाळा चालवणाऱ्या विभागांमधल्या) मुलांच्या वाट्याला पुरेसा पैसा येत नव्हता. त्यात ही गळती मला फार खटकते.

पालक, लँकेस्टर: शिक्षिकाबाईंचे म्हणणे रास्त आहे, पण ज्या मुलाच्या शाळेत आज नीट शिकवले जात नाही, त्याला निधीची पद्धत सुधारेपर्यंत थांबायला सांगणे मला जमत नाही. मात्र शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख डॉलरच्या वर आहे, म्हणजे गरीब नसलेल्या घरांनाही ती मिळू शकते; म्हणून संस्थेला आधी विचारा की, लाभार्थ्यांपैकी किती मुले पूर्वीपासूनच खासगी शाळेत होती. उत्तर मिळाले नाही, तर दुसरी संस्था पाहा.

अनामिक सीपीए: एक राहिले. याच योजनेत पब्लिक स्कूलमधल्या नावीन्यपूर्ण उपक्रमांना मदत करणाऱ्या संस्थांनाही देणगी देता येते आणि करसवलतीचे दर तेच आहेत. पिट्सबर्गकर, आपल्या सीपीएंकडे अशा संस्थांची यादी मागा.